पुरवणीवाला साळा

तुरीच्या शेंगा सोलून राहिलो होतो आम्ही दोघं. नागपूरजवळच्या वाडीतल्या आमच्या घराचं अंगण, दुपारचं ऊन, दोघाइच्या मधात सूप. मी सोलत होतो अन् माहा साळा तपासत होता. सोलण्यापेक्षा तपासणं त्याले जास्त आवडे. किडका दाणा सापडला का उचलून मले दाखवे, जसा काही मीच तो शेंगेत घातला.

"जवाई, हा पहा."

"पाहिला. फेका."

"नुसतं फेका म्हणून कसं चालन? आधी नीट पहा तं खरं."

"पाहिला नं बाप्पा! डोळे फुटले नाहीत अजून माहे."

मंग तो फेके. थोड्या वेळानं म्हणाला, "आज पुरवण्या मांडल्या असतीन सभागृहात." मी म्हटलं, तुम्हाले काय करायचं आता, रिटायर होऊन जमाना झाला. तं म्हणे, "रिटायर मी झालो. अधिवेशन थोडी झालं!"

संध्याकाळी मी त्या दाण्याची भाजी केली. मीठ कमी आहे म्हणून त्यानं एकदा सांगितलं, अन् वरून घेतलं नाही. जेवला, हात धुतले, झोपला. ते आमचं सोबतचं शेवटचं काम. सकाळी तो उठला नाही. ते मी मागून सांगीन. माणूस मेला का लोक मरण्याचंच सांगत बसतात, अन् जगला कसा ते राहून जाते.

तो माह्या बायकोचा मोठा भाऊ. माह्याहून वयानं मोठा, म्हणून तोंडावर 'तुम्ही' म्हणत होतो, मनात 'तू'. एका सरकारी कचेरीत बजेटच्या टेबलावर बाबू होता. कोण्या खात्यात ते लिहीत नाही, उगाच कोणाले वाईट वाटायले नको. कचेरीत सारे त्याले 'पुरवणी' म्हणत. तोंडावर नाही. पण त्याले ठाऊक होतं, अन् मले वाटते त्याले ते आवडे.

पुरवणी म्हणजे काय, ते मले त्याच्यामुळे समजलं. मी सुतार माणूस, चौथीत शाळा सुटली. डोक्यात शिरलं तेवढं सांगतो. सरकार मार्चात पुढच्या वर्षाचा खर्च मांडून ठेवते. रस्त्याले इतके, दवाखान्याले इतके. प्रत्येकाचं खानं वेगळं, त्याले ते लोक 'शीर्ष' म्हणतात. मंग वर्ष सुरू होते, अन् कुठी पूल वाहून जाते, कुठी रोगराई येते. तेव्हा तीन वाटा. एक, एका खान्यात उरले असतीन तं दुसऱ्यात टाका, पण तेही ज्याचा अधिकार आहे त्याले विचारून. दुसरी, सभागृहापुढे जा अन् आणखी मागा. तेच पुरवणी मागणी. तिसरी, काम थांबूच शकत नसन, तं सरकारजवळ एक अडीअडचणीची थैली राहते, तिच्यातून उचला. पण मागून सभागृहापुढे जाऊन हात जोडा अन् थैली होती तशी भरून द्या. साळ्याच्या मते जगात चौथी वाट नव्हती. चौथी वाट म्हणजे चोरी.

आता हे कचेरीत ठीक आहे. पण हा माणूस घरीही असाच.

त्याच्या सदऱ्याले तीन खिसे होते, तिसरा मुद्दाम शिवून घेतलेला. एक बसचा, एक भाजीचा, एक पान-सुपारीचा. एकदा इतवारीतून भाजी आणायले गेला. कोणी ओळखीचा भेटला, त्याचं बसचं तिकीट यानं काढलं, अन् बसचा खिसा रिकामा झाला. भाजीच्या खिशात पैसे होते. माणूस इतवारीहून वाडीपर्यंत पायदळ आला. उन्हाचा. पिशवीतली पालक सुकून गेली. माही बायको दारात उभीच होती.

"अव माय! दादा, भाजीच्या पैशातून तिकीट काढता येत नव्हतं काय?"

"येत होतं. पण मंजुरी कोणाची?"

"माही."

"तू इथं होती. मी तिथं होतो."

बायकोनं माह्याकडे पाहिलं. मी रंधा मारत राहिलो. बहीण-भावाच्या मधात पडायचं नाही, एवढी अक्कल मले होती.

अन् एकतीस मार्चच्या संध्याकाळी तो तिन्ही खिसे तिच्यापुढे उलटे करे. जे काही राहिलं असन ते तिच्या हातावर ठेवे अन् म्हणे, "समर्पित." तिकडे साऱ्या सरकारात त्या दिवशी उरलेले पैसे संपवायची घाई. पडदे घ्या, खुर्च्या दुरुस्त करा, टेबलाले पॉलिश मारा. मार्च म्हणजे आम्हा सुताराइचा पोळा. माह्या घरी चार पैसे यायचे ते मार्चातच. साळ्याले त्याचा राग. "उरलं तं परत द्यावं. उरलं म्हणून खर्च करावा, हे कोणतं शहाणपण?" मी म्हणो, "तुमच्यासारखे सारेच निघाले तं माही चूल पेटणार नाही." त्यावर तो विचार करत बसे, अन् एखाद्या तासानं येऊन सांगे, "तुमच्या चुलीची तरतूद मार्चवर नाही पायजे, जवाई. बाराही महिन्यावर पायजे." हे असं कामाचं अन् बिनकामाचं एका दमात बोलणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

माहं लग्न कसं जमलं, तेही सांगून देतो. त्याच्या कचेरीत मी खुर्च्या ठोकून राहिलो होतो. हा आला. म्हणे, "मिस्त्री, एक खिळा देता काय?" दिला. दुसऱ्या दिवशी पुन्हा आला. म्हणे, "काल खिळा दिला, तो काय म्हणून दिला?" मले वाटलं हा माणूस सरकलेला आहे. म्हटलं, "बाबू, खिळ्याचं काय विचारता? मागितला, दिला." तो गेला. तिसऱ्या दिवशी येऊन स्टुलावर बसला अन् म्हणाला, "माही एक बहीण आहे."

लग्न झाल्यावर त्यानं मले उलगडून सांगितलं. एखादं काम साफ नवीन असलं, अन् त्याच्यापुरते पैसे दुसरीकडे उरलेले असले, तरी सरकारले ते मनानं करता येत नाही. सभागृहाले विचारावंच लागते. पण पैसा तं जवळ आहे, मंग मागायचं काय? तं एक रुपया मागतात. नुसता नावाले. त्याले लाक्षणिक मागणी म्हणतात. ज्यानं रुपयाले हो म्हटलं, त्यानं कामाले हो म्हटलं.

"खिळा लाक्षणिक होता," तो म्हणाला. "खरी मागणी मागून होती."

"अन् मी खिळा नसता दिला तं?"

"तं प्रस्ताव मागे घेतला असता."

हे माह्या बायकोनं ऐकलं, अन् जन्मभर माह्या डोक्यावर बसली. कधी भांडण झालं का म्हणे, "हो नं, एका खिळ्यात आणली मले! पावशेर खिळे तरी द्यायचे होते माह्या भावाले."

यांचे माय-बाप लवकर गेले. त्यानंच तिले वाढवलं. नागपूरची राजधानी मुंबईले गेली, तेव्हा त्याच्या टेबलाचे लय बाबू तिकडे गेले. त्यालेही बोलावणं होतं. तो म्हणाला, हिवाळ्यात मुंबईच इथं येते, मंग मी काहून जाऊ? पण बहिणीसाठी राहिला, हे साऱ्याइले दिसत होतं. स्वतःचं लग्न काहून नाही केलं, असं मी एकदा विचारलं. "नवीन बाब आहे. तरतूद नाही." झालं.

आमच्या लग्नानंतर तो इतवारीत एका खोलीत राहे. खानावळीत जेवे. एक दिवस आमच्या घरी आला, बसला, चहा पिला, अन् मले म्हणाला, "जवाई, तुमच्या खुंटीवर माही टोपी ठेवू काय?" तोपर्यंत मी शहाणा झालो होतो. म्हटलं, "टोपी ठेवा साळेबुवा, अन् पेटी कधी आणता तेही सांगून टाका." बायको आत पदर तोंडाले लावून हसून राहिली होती. आठवड्याभरात पेटी आली. तवापासून तो आमच्यातच.

हिवाळा आला का माणूस बदले. मुंबईचे सायब अधिवेशनाले स्वेटर घालून उतरत. गावात गाड्या, मंडप, पोलीस. साळा काळा कोट उन्हात टाके, केस बारीक करून येई, अन् गळ्यापर्यंत बटनं लावून निघे. पुरवण्याइचं पुस्तक छापून आलं का त्याले ते पोटाशी धरूनच घरी आणावं वाटे. पण कचेरीचा कागद घरी आणायचा नाही, म्हणून तोंडपाठ करून येई, अन् जेवताना आम्हाले ऐकवे. कुठल्या धरणाले किती, कुठल्या जेलाले किती. बायको म्हणे, "दादा, वरण थंडं होऊन राहिलं, धरण मंग भर."

अन् तरी एका वर्षी या दोघाइचं बोलणं बंद झालं. जवळपास दीड महिना. ते सांगतो, कारण तो माणूस कसा होता ते त्याच्यात आलं.

माही बायको कळमेश्वरच्या वाटेवर एका गावात सरकारी प्रसूतिगृहात आया होती. सकाळच्या बसनं जाये, संध्याकाळी येये. लहानशी इमारत, वर टीन. मे महिन्यात वादळ आलं अन् टीन उडून बाजूच्या वांग्याच्या वावरात जाऊन पडले. छपराच्या लाकडी कैच्या मोडल्या. देवाची कृपा, त्या वक्ती आत एकच बाई होती, अन् तिले माह्या बायकोनं खाटेसकट भिंतीच्या कोपऱ्यात ओढलं. बाळ-बाळंतीण सुखरूप. खाटा उचलून शाळेच्या वऱ्हांड्यात नेल्या. पण शाळा उघडली का वऱ्हांडा खाली करावा लागणार होता. मंग आजूबाजूच्या गावच्या बायाइनं जायचं कुठी? बैलगाडीत टाकून कळमेश्वर नाही तं नागपूर.

त्या संध्याकाळी ती घरी आली, पदराले चिखल तसाच, अन् सरळ भावासमोर जाऊन बसली.

"दादा, टीन पायजे."

त्यानं सारं ऐकून घेतलं. म्हणाला, "यंदा त्या शीर्षाखाली दुरुस्तीले काही नाही वं बाई. नवीन छप्पर तं नाहीच."

"दुसरीकडे असन."

"आहे. विश्रामगृहाच्या हिरवळीचे उरणार आहेत. तिथल्या विहिरीलेच पाणी नाही, गवत कुठून लावतीन!"

"मंग ते घे."

"ते दुसऱ्या शीर्षाचे आहेत. डाळीच्या डब्यातलं तांदळाच्या डब्यात टाकून चालत नाही."

"मी तं टाकते," बायको म्हणाली. "दोन्ही एका गंजात टाकते अन् खिचडी करते. तूच खातं बसून, वरून तूप मागतं."

"सभागृहात खिचडी चालत नाही. नवीन काम आहे, लाक्षणिक मागणी न्यावी लागन. हिवाळ्यात नेतो. पहिलीच नेतो."

"हिवाळ्यात? अन् तोपर्यंत बायाइले काय सांगू, पोटातच ठेव म्हणून?"

तो चष्मा पुसत बसला. ती उठली, अन् त्या दिवसापासून त्याच्याशी बोलणं बंद. त्याच्याशी बोलायचं असन तं मले सांगे. तो तिथंच बसून राहे, दोन हातावर. "त्याइले सांगा पाणी तापलं." मी म्हणो, "साळेबुवा, पाणी तापलं." तो म्हणे, "सांगा, ऐकलं." मी काय पोस्टमन होतो?

अन् जेवण! सकाळीच माह्यामार्फत विचारे, किती पोळ्या खाणार. तो म्हणे तीन. तं तीन. चौथीसाठी त्यानं ताटावरून मान वर केली का ती माह्याकडे पाहून म्हणे, "त्याइले सांगा, मंजूर नाही. हिवाळ्यात माग म्हणा."

मले वाटलं तो चिडन. उलट, माणसानं मान हलवली! "बरोबर आहे," म्हणाला. "सकाळी अंदाज चुकला माहा." दुसऱ्या दिवशी पाच सांगायच्या का नाही? नाही. तीनच सांगे. म्हणे, फुगवून मागणं हे वाईट. वाळून चालला होता. कोट त्याच्या अंगावर खुंटीवर लटकल्यासारखा दिसे. ती बोलत नव्हती ते त्याले पोळीपेक्षा लागत होतं, हे मले दिसे. तो संध्याकाळी अंगणात माह्या पटाशीजवळ येऊन बसे अन् हळूच विचारे, "आज काही म्हणत होती काय?" मी म्हणो, नाही. "घरातून पेटी उचल, असं तं नाही म्हणाली?" म्हटलं, "खुळे झाले काय साळेबुवा!" तो म्हणे, "नाही, आपलं विचारलं. तिच्या भरवशावर आहो मी इथं."

मंग त्यानं तिसरी वाट धरली, अडीअडचणीच्या थैलीची. सायबाइच्या सहीनं प्रस्ताव मुंबईले गेला. तिकडून शेरा मारून परत आला: ही थैली अनपेक्षित खर्चासाठी आहे. वादळ तं दरवर्षी येते. मंग ते अनपेक्षित कसं?

हे त्यानं जेवताना मले सांगितलं. बायको चुलीपाशी होती. तिनं तवा उतरवला अन् मले म्हणाली, "त्याइले विचारा, बाया बाळंत होतीन हे तरी मुंबईच्या सायबाइले अपेक्षित होतं काय?"

साळा गंभीर होऊन म्हणाला, "तीच तं पंचाईत आहे, जवाई. तेही अपेक्षित आहे. म्हणून ते थैलीत बसत नाही."

तिनं कपाळावर हात मारला. मी हसलो, अन् दोघांच्याही शिव्या खाल्ल्या.

दुसऱ्या दिवशी त्यानं रजा टाकली. नोकरीत कधी रजा न घेतलेला माणूस. पेटीतून स्वतःचे पैसे काढले, त्यासाठी माह्यामार्फत बहिणीची परवानगी घेतली, तिनं मानेनं 'हो' म्हटलं, अन् गेला मुंबईले. आठवड्यानं परत आला. डोळे खोल गेलेले. आल्याबरोबर म्हणाला, "सांगा तिले. मंजूर झालं."

कसं झालं, ते मले त्यानं लय दिवसांनी सांगितलं. मोठ्या सायबाच्या दाराबाहेर हा रोज जाऊन बसे. चौकशी केली तं नाव अन् काम सांगे, अन् पुन्हा बसे. शेवटी सायबानं आत बोलावलं. कंटाळून म्हणाले, "तुमचं एवढं कोण आहे हो त्या गावात?" याले खोटं बोलता येत नाही. म्हणाला, "माझी बहीण तिथं आया आहे. ती माझ्याशी बोलत नाही."

सायब त्याच्याकडे पाहत राहिले म्हणे. मंग हसले. चहा मागवला. अन् फायलीवर लिहिलं का टीन कधी उडाले अन् शाळा कधी उघडते ते पाहता काम थांबू शकत नाही, उचल द्यावी. सही.

दुसरा कोणी असता तं गावभर सांगत फिरला असता. हा लाजला. "ती मंजुरी अनियमित आहे, जवाई. घरचं कारण मी सरकारच्या टेबलावर ठेवलं."

"अहो, बायाइच्या डोक्यावर छप्पर आलं नं?"

"ते आलं. पण माह्या तोंडून निघालं ते निघालंच."

शाळा उघडायच्या आत टीन चढले. ज्या ठेकेदारानं काम घेतलं, त्याच्या हाताखाली कैच्या मीच बसवल्या. बायको खाली उभी राहून सांगत होती, इथं ठोका, तिथं ठोका, जसं काही आयुष्यभर छप्परंच बांधत आली. संध्याकाळी घरी आलो. ती भावाच्या ताटापाशी बसली अन् सरळ त्याच्या तोंडाकडे पाहून म्हणाली, "दादा, चौथी वाढू का?"

त्याले ठसका लागला. पाणी पिऊन पिऊन पोळी राहिलीच.

पण त्याचं संपलं नव्हतं. थैलीतून उचललं ते हिवाळ्यात सभागृहापुढे मागून परत भरायचं होतं. त्या मागणीवर कोणी उठून विचारलं, हे छप्पर काहून थैलीतून केलं, तं उत्तर लिहून द्यायचं काम याच्या टेबलाचं. त्यानं सारी दिवाळी त्या उत्तरात घातली. रात्रंदिस पुटपुटे. कोणी असं विचारलं तं असं, तसं विचारलं तं तसं. घरच्या कारणाचं कोणी विचारलं तं काय सांगावं, यावर त्याची गाडी अडे. शेवटी म्हणाला, "विचारलं तं खरं सांगायचं. मंग नोकरी राहो का जावो."

त्या दिवशी त्यानं पास मिळवला अन् वरच्या गॅलरीत जाऊन बसला. आम्ही दोघं घरी जीव मुठीत धरून. सूर्य मावळताना आला. कोट काढला नाही. तसाच पाटावर बसला.

"काय झालं दादा? विचारलं काय कोणी?"

"नाही."

"बरं झालं बाप्पा!"

"काय बरं झालं? खाली दंगा चालू होता. दुसऱ्याच कोणत्या गोष्टीवरून. त्या दंग्यातच साऱ्या मागण्या एकदम टाकल्या, 'हो'वाले 'हो' म्हणाले, अन् झालं. आपलं छप्पर कोणी पाहिलंही नाही." तो ताटाकडे पाहत म्हणाला, "कोणीतरी विचारायले पायजे होतं वं बाई. मागणं म्हणजे काय नुसतं घेणं असते?"

असल्या जागी माही जीभ चालत नाही. पण माह्या बायकोनं हातातलं उलथनं खाली ठेवलं. पदर सारखा केला, उभी राहिली, अन् मोठ्यानं म्हणाली, "मले विचारायचं आहे. वाडीची सभासद मी. हे छप्पर तुम्ही आम्हाले न विचारता काहून घातलं, त्याचं उत्तर द्या!"

साळ्यानं आधी तिच्याकडे पाहिलं, मंग माह्याकडे. अन् खरंच सांगतो, तो पाटावरून उठला. कोटाची बटनं चाचपली, हात जोडले, अन् उत्तर द्यायले लागला. वादळ कधी आलं, खाटा किती होत्या, शाळा कधी उघडणार होती. सारं कागदी मराठीत. शेवटी म्हणाला, "आणि अध्यक्ष महाराज, यात माझं घरचंही एक कारण होतं. ते मी सभागृहापासून लपवू इच्छित नाही. माझी बहीण माझ्याशी बोलत नव्हती."

बायको म्हणाली, "सभागृहाले हे समजलं. मागणी मंजूर." मंग तिले हसू आवरलं नाही अन् डोळ्याले पदर लावून ती मोरीकडे पळाली. साळा बसला अन् जेवला. किती पोळ्या खाल्ल्या ते कोणी पाहिलं नाही.

ती माणसं अशी होती. मले तं आता कोणाले सांगूनही खरं वाटत नाही.

मंग ती गेली. पोटाचं दुखणं निघालं, लांबलं नाही. डॉक्टर काय म्हणाले अन् आम्ही काय धावलो, ते मी लिहीत नाही. माह्याच्यानं होत नाही. त्या दिवसात साळा तिच्या पायथ्याशी बसून राहे अन् मी डोक्याशी. तीच आम्हा दोघाइले सांगे, जा, जेवून घ्या.

तेरवी झाली. पाहुणे गेले. मी अंगणात लाकडं रचून राहिलो होतो. साळा बाहेर आला. त्यानं पेटी भरली होती.

"कुठी निघाले?"

"पुण्याले चुलत पुतण्या आहे. तो ये म्हणते."

"काहून?"

तो लाकडाच्या ओंडक्यावर बसला. "जवाई, माही या घरातली तरतूद तिच्या नावाखाली होती. ते शीर्षच बंद झालं. बंद शीर्षाखाली खर्च दाखवता येत नाही."

मले राग आला. तिच्यावर आला, का त्याच्यावर, का देवावर, मले सांगता येत नाही. मले म्हणायचं होतं, जाऊ नका. दोन शब्द. ते माह्या तोंडातून निघत नव्हते. मी लाकडावर वाकस आपटली अन् म्हटलं, "मले चहा करता येत नाही."

तो चष्म्यातून पाहत राहिला. "हे तुम्ही सांगून राहिले, का मागून राहिले?"

"मागून राहिलो."

"किती दिवसासाठी?"

"तुमचे दिवस मोजायले मी काय बजेटचा बाबू आहो? असतीन तितके."

तो उठला. मंग आत गेला. पेटीचं झाकण उघडल्याचा आवाज आला, अन् मी लाकडं रचत राहिलो.

चहा तो लय वाईट करे. साखर मोजून टाके अन् पत्ती विसरे. आम्ही भांडत होतो, मिठावरून, रेडिओवरून, कालच्या पेपरावरून. तो पेपर एक दिवस शिळा करूनच वाचे. म्हणे, तोपर्यंत खोट्या बातम्या मरतात. तिच्यामागचा पहिला मार्च महिना संपला त्या संध्याकाळी तो अंगणात उभा दिसला. तिन्ही खिसे उलटे करून, मुठीत काय आलं ते घेऊन, तसाच उभा. कोणाले द्यावं ते त्याले समजत नव्हतं. मी जाऊन हात पुढे केला. त्यानं ठेवलं. 'समर्पित' म्हणाला नाही. दुसऱ्या वर्षी म्हणाला.

आता त्या सकाळचं.

मी उठलो तं चहाचं भांडं चढलेलं नाही, स्टोव्हचा आवाज नाही. आत जाऊन हात लावला, अन् समजलं. मी त्याच्या खाटेवर बसलो. मंग बाहेर येऊन शेजारच्या गोदामाच्या मुनीमले सांगितलं. त्यानं गोदामाच्या फोनवरून पुण्याले लावला. लोक जमले, ट्रकवाले, हमाल, आजूबाजूचे भाडेकरू. मुनीम भला माणूस, पण नियमाचा. फोन ठेवून आला अन् म्हणाला, "मिस्त्री, पुतण्या निघून राहिला. उद्यापर्यंत पोचन. तो म्हणते थांबा, नाही तं कुळातला कोणी पहा. अन् तसंही साळ्याले जवाई अग्नी देत नसते."

"कोण म्हणते?"

"रीत आहे नं गा. नातं तं तुमचं बाईकडून होतं. बाई तं गेल्या."

साळा असता तं म्हणाला असता, बरोबर आहे, थांबा, आधी विचारून घ्या. त्यानं पुतण्याले विचारलं असतं, मुनीमले विचारलं असतं, ट्रकवाल्याइलेही विचारलं असतं. मी कोणाले विचारलं नाही.

"पुतण्याले सांगा, राखेले ये म्हणा," मी म्हटलं, अन् लाकडाच्या टालावर बांबू आणायले गेलो. तिरडी मीच बांधली. त्याचं माप घ्यायची मले गरज नव्हती. मुनीम दोनदा काही बोलायले आला अन् मंग त्यानं दोरीचं दुसरं टोक धरलं. त्याले आंघोळ घातली, कोट घातला, गळ्यापर्यंत बटनं लावली. विस्तवाचं मडकं मी माह्या हातानं उचललं अन् पुढे झालो.

अमरावती रोडवर एका ट्रकवाल्यानं गाडी बाजूले घेतली, खाली उतरला, डोक्याचा फडका काढला. "कोण गेलं, काका? तुमचे कोण होते?"

"घरचे," मी म्हटलं.

मडकं तापलं होतं. मी हात बदलला अन् चालत राहिलो.